दंडातला उंदीर

१२ फेब्रुवारी

ती. मावशी,

तुझ्या सुतारपक्ष्याचा नमस्कार. फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेल्या निम्म्यावर भांडतेस, म्हणून पत्रच बरं. इकडे सगळं ठीक आहे. आई ठीक. माझा खुर्च्यांचा कारखाना, ज्याला तू भुशाचं दुकान म्हणतेस, तोही ठीक. मिस्त्री नेहमीसारखे साऱ्या जगावर नाराज आहेत, म्हणजे त्यांचीही तब्येत उत्तम.

आता कामाचं. तू जन्मभर वाळलेला झाडपाला कागदावर चिकटवून त्याला लॅटिन नावं दिलीस. त्या विद्येचा घरच्या माणसाला कधी काडीचा उपयोग झाला नाही. ती संधी आली आहे. इंग्रजीतला 'मसल' हा शब्द मुळात आला कुठून?

त्याचं असं झालं. मी हल्ली एका बाईंकडे व्यायामाला जाते. पाठ दुखते थोडी, वय झालं, दुसरं काही नाही. मी त्यांना कवायतबाई म्हणते, अर्थात तोंडावर नाही. बाई मनाने चांगल्या आहेत पण आवाज असा, की शेजारच्या इमारतीतली माणसंही व्यायाम करत असतील. दर दोन वाक्यांनी मसल. "मसलकडे लक्ष द्या, मसलला सांगा, मसल ऐकत नाहीये." परवा मी वैतागून म्हटलं, "अहो, तो आपलाच शब्द आहे. संस्कृतातला मांसल. साहेबाने उचलला आणि आता आपल्यालाच विकतोय." त्या म्हणाल्या, "काहीतरीच काय!" मी म्हटलं, माझी मावशी लॅटिन जाणते, पैज लावा. लागली पैज. मी हरले तर त्यांना माझ्या हाताने एक स्टूल करून द्यायचं. त्या हरल्या तर आठवडाभर माझ्यावर ओरडायचं नाही. तेव्हा मावशी, निकाल माझ्या बाजूने लागेल एवढं बघ. नात्याची थोडी तरी लाज ठेव.

स्कूटर कशी आहे असं तू प्रत्येक पत्रात विचारतेस. स्कूटर झकास आहे.

ओळी वाकड्या आल्यात त्याला माझा इलाज नाही. कागद सारखा सरकतो. शेवटी वर सरसाचा डबा ठेवलाय.

आईने नमस्कार वगैरे काही सांगितलेला नाही, ते तुला सांगायला नकोच. पण तुझं पाकीट आलं की ते इतर टपालाच्या वर तीच काढून ठेवते, हे मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नकोस.

तुझी,
सुतारपक्षी


२ मार्च

ती. मावशी,

पकडलंस.

मी शब्द विचारला आणि तू उत्तरादाखल चार ओळी खरडल्यास: 'मसलचं नंतर. आधी हे सांग, गेल्या कित्येक पत्रांत रंधा का आलेला नाही? रंध्याशिवाय तुझं पत्र मी वाचलेलं नाही. आणि ज्यांची फक्त पाठ दुखते ती माणसं कागदावर सरसाचा डबा ठेवत नाहीत, दुसरा हात ठेवतात.'

हे वाचून मी अर्धा तास कारखान्यात नुसती बसून होते. मिस्त्रींनी विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. मावशीला कळलं." ते म्हणाले, "मग बरोबर आहे."

तर ऐक, आणि वाचता वाचता उभी राहू नकोस, बसूनच वाच. गेल्या जूनमध्ये मी स्कूटरवरून पडले. वळणावर वाळू सांडलेली होती, चाक घसरलं. गाडीचा दोष नाही, माझाही नाही, आणि तुझा तर मुळीच नाही. डाव्या खांद्यावर आपटले. खांदा खाली दाबला गेला, मान दुसरीकडे ताणली गेली, आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या काही नसा तुटल्या. हाड एकही मोडलं नाही. आईचं भाकीत तेवढ्यापुरतं खोटं ठरलं.

डावी बोटं हलतात. मूठ वळते. पण कोपर वाकत नाही, आणि कोपर वाकत नाही म्हणजे ती बोटं कामाच्या जागी पोचतच नाहीत. हात नुसता खाली लोंबतो. उजव्या हाताने उचलून टेबलावर ठेवते, तर थोड्या वेळाने पुन्हा घसरून खाली. म्हणून डबा.

ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फासळ्यांमधल्या काही नसा मोकळ्या केल्या आणि काखेतून वळवून दंडातल्या नसेला जोडल्या. त्या नसांचं मूळचं काम श्वासाचं. म्हणजे आता मी छाती भरून श्वास घेतला की तो हुकूम दंडाला जायचा आणि कोपर वाकायचं. ऐकायला भानामतीसारखं वाटतं ना? मलाही वाटलं. पण खरं आहे, खूप लोकांचे हात असे परत आलेत. फक्त नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते, आणि ती पोचेपर्यंत स्नायू बिचारा वाट बघत वाळत जातो. फार उशीर झाला तर ती पोचूनही काही उपयोग नाही.

डॉक्टरांच्या अंदाजाने ती एव्हाना पोचायला हवी होती. कवायतबाई दंडावर तळवा ठेवून बसतात. "श्वास घ्या, वाकवा!" मी जीव खाऊन जोर लावते. घाम फुटतो, दातखीळ बसते, आणि दंड मख्ख. मार्चअखेरीस तपासणी आहे. तेव्हाही काही हललं नाही तर मांडीतला स्नायू काढून दंडात बसवायचं मोठं ऑपरेशन, आणि त्याचीही खात्री नाही. एका हाताने रंधा मारता येत नाही, मावशी. मी करून पाहिलं. फळी पळते. मग कारखाना मिस्त्रींच्या हवाली करायचा आणि मी काय करायचं ते मला माहीत नाही. मला भीती वाटते. सकाळी उठल्या उठल्या आधी ती वाटते, मग हात आठवतो.

तुला का सांगितलं नाही हे तुला कळलंच असेल. तू निवृत्त झालीस आणि स्वतःसाठी काही न घेता मला स्कूटर पाठवलीस. त्या दिवशी आईने जे तोंड सोडलं, "पोरगी हाडं मोडून घेईल, मग तू येणार आहेस का चमच्याने भरवायला," आणि तू जे उलट ऐकवलंस, तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. मी पडले तेव्हा वाटलं, शुद्धीवर आल्यावर आईचं पहिलं वाक्य तेच असणार, 'मी सांगितलं होतं.' पण इतक्या महिन्यांत एकदाही नाही. माझी वेणी घालते, बटणं लावते, ताटातलं चिरून देते आणि गप्प बसते. ती चिडली असती तर मी उलट चिडले असते, बरं वाटलं असतं. हे गप्प राहणं फार जड जातं.

तू धावत येऊ नकोस. आलीस की स्वतःला दोष देत बसशील, आणि मला तुझी समजूत काढायला सध्या वेळ नाही. त्यापेक्षा मसलचं बघ. पैज खरी आहे. त्या खोलीत हसण्यासारखं दुसरं काही नसतं.

तुझी,
(पंख दुखावलेली, चोच शाबूत)
सुतारपक्षी


३० मार्च

मावशी!

उंदीर जिवंत आहे! जिवंत आहे आणि पळतोय!

थांब, नीट सांगते. आधीपासून सांगते, नाहीतर तू म्हणशील की हिने खाल्लं आणि मला नुसता ढेकर ऐकवला.

तुझं जाडजूड पाकीट मागच्या मंगळवारी आलं. पैजेचा निकाल दोन्ही पक्षांसमोर लागावा म्हणून मी ते न फोडता व्यायामाला नेलं. आई सोबत होतीच, ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसते आणि समोरच्या भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे रागाने बघते. कवायतबाईंनी माझा डावा हात पावडर मारलेल्या फळीवर ठेवला, म्हणजे वाकताना घसरायला सोपं जावं. (फळीला रंधा धड मारलेला नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.) त्यांनी दंडावर तळवा ठेवला. नेहमीसारखा जोर लावून झाला. नेहमीसारखं शून्य. मग त्या म्हणाल्या, "दमलात. वाचा बरं मावशींचं."

मी मोठ्याने वाचायला लागले.

'मांसल? कपाळ माझं! दोन शब्द तोंडावळ्याने सारखे म्हणून नातेवाईक होत नाहीत. तसं असतं तर तू आणि तुझे मिस्त्री सख्खे भाऊबहीण ठरला असता.' इथे कवायतबाईंनी विजयाने मान हलवली आणि मी मनातल्या मनात स्टुलाचे पाय मोजले.

'इंग्रजीने मसल फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांना तो लॅटिनकडून मिळाला. लॅटिनमध्ये मुस्कुलुस. मूस म्हणजे उंदीर, आणि त्याला कुलुस हे शेपूट जोडलं की तो लहान होतो, लाडका होतो. उंदरुलं. कुणा रोमन माणसाने दंड वाकवला, कातडीखाली काहीतरी सुळकन इकडून तिकडे गेलं आणि त्याला उंदीर आठवला, असं सांगतात. ग्रीकांनी तर उंदीर आणि स्नायू दोघांना एकाच शब्दात कोंबलं. आणि तुला संस्कृतकडे बघायची गरजच काय होती? लहानपणी दंड फुगवून बेटकुळी दाखवत गल्लीभर फिरायचीस ना? बेटकुळी म्हणजे बेडकीच की. त्यांनी उंदीर पाहिला, आपण बेडकी पाहिली. कातडीखाली काहीतरी जिवंत आहे, एवढं दोघांनाही दिसलं.'

इथे मी माझ्या दंडाकडे एकदा बघून घेतलं. आईने पर्सची चेन उघडली आणि बंद केली. मी पुढे वाचलं.

'तरीही संस्कृतच हवं असेल तर ऐक. लॅटिनचा मूस आणि आपला मूषक हे मात्र खरोखरीचे चुलतभाऊ. आणि त्या उंदरावरून संस्कृतातही शरीराच्या एका भागाला नाव मिळालंय. तो भाग दंडात नसतो. बायकांना नसतो. आणि जोडीने असतो. पुढचं कोशात बघ, मला या वयात लिहायला लावू नकोस.'

मावशी, मी इतक्या जोरात हसले, की बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावली. पोट धरायला एकच हात, त्यातही पत्र. आणि तेवढ्यात कवायतबाई किंचाळल्या, "थांबा! नाही, थांबू नका! परत हसा!"

"काय झालं?"

"हललं! माझ्या हाताखाली हललं! हसा!"

आता हुकमावर कुणाला हसू येतं का? मी हा हा हा केलं. काही नाही. त्यांनी ती ओळ परत वाचायला लावली. दुसऱ्यांदा वाचताना तो विनोद राहिला नाही, शरीरशास्त्राचा धडा झाला. दंड मख्ख. माझ्या तोंडचं पाणी पळालं. भास झाला असेल, असं बाईंच्या चेहऱ्यावरही दिसायला लागलं.

आणि मग कोपऱ्यातून आई बोलली. सांगाड्यावरची नजर न हलवता, शांतपणे, इतके महिने पोटात ठेवलेलं.

"मी सांगितलं होतं, स्कूटर घेऊ नकोस म्हणून."

काय सांगू तुला! आधी मला कळलंच नाही. मग कळलं आणि पोटातून जो हसण्याचा लोंढा आला, तो थांबेचना. आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तीही फुटली. तोंडावर पदर घेऊन हसत होती, आणि मग पदर डोळ्यांवर गेला. आणि माझ्या दंडात, कातडीखाली, मावशी, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सुळकन. गेलं आणि परत आलं. प्रत्येक हसण्याला एकदा.

"उंदीर," मी म्हणाले.

"मसल," कवायतबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते पण शिस्त म्हणजे शिस्त.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मला म्हणाल्या, "आता हसू नका, फक्त जोर लावा." मी लावला. त्यांनी दंड सोडून माझ्या छातीवर हात ठेवला आणि मग स्वतःच्या कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही श्वास बंद करताय!"

खरंच की. पटाशीची धार रेघेवर टेकली की श्वास बंद, हा मिस्त्रींचा मला पहिला धडा. श्वास हलला तर हात हलतो, हात हलला तर सांधा बिघडतो. कुठलंही अवघड काम समोर आलं की माझी छाती आपोआप कुलूप लावते. तूही वाळलेली पाकळी कागदावर ठेवताना तेच करतेस. बाई ओरडायच्या "श्वास घ्या", मी घ्यायचे, आणि वाकवायच्या क्षणी तो गच्च धरून ठेवायचे. नव्या नसेला हुकूमच मिळत नव्हता. ती केव्हाच येऊन दाराशी उभी होती आणि मी आतून कडी घालून जोर लावत होते.

त्यानंतर आठवडाभर मी फक्त श्वास घ्यायला शिकले. या वयात! घे, सोड, घे, वाकव. आणि आज तपासणी झाली. डॉक्टरांनी दंडावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "घ्या श्वास." मी छाती भरून घेतला. पुन्हा म्हणाले, "घ्या." मग खुर्ची मागे ढकलून उठले आणि शेजारच्या खोलीतल्या शिकाऊ डॉक्टरांना हाका मारून बोलावलं. सगळ्यांनी ओळीने माझ्या दंडावर अंगठा ठेवला. मी एखाद्या प्रदर्शनात मांडल्यासारखी बसून श्वास घेत होते आणि आई प्रत्येकाला सांगत होती, "उंदीर आहे तो. लॅटिन आहे."

दुसरं ऑपरेशन नको. डॉक्टर म्हणाले, आता वेळ लागेल पण हात येईल. येईल म्हणाले, मावशी. 'बघू' नाही, 'प्रयत्न करू' नाही.

पैज मी हरले. जन्मात इतक्या आनंदाने कधी हरले नव्हते.

तुझी, उंदीर पाळलेली,
सुतारपक्षी


९ सप्टेंबर

ती. मावशी,

तुझं तिकीट काढल्याचं पत्र मिळालं. रविवारी स्टेशनवर मी येते. रिक्षाने येते, घाबरू नकोस.

आधी बातम्या. उंदीर आता चांगलाच माजलाय. हात तोंडापर्यंत पोचतो. परवा डाव्या हाताने स्वतःचा कान खाजवला आणि इतकं सुख झालं, की उगाच दुसऱ्यांदा खाजवला. खांदा अजून कुरकुरतो, वजन फार पेलवत नाही, पण ते होईल.

पैज फेडली. स्टूल कवायतबाईंच्या खोलीत पोचलं. (रंधा मिस्त्रींनी मारला, सांधे मी जोडले.) त्यांनी चारी बाजूंनी हलवून बघितलं, डुगडुगलं नाही, तेव्हा पहिल्यांदाच मला म्हणाल्या, "छान." मी त्यांना म्हटलं, परत म्हणा, मला नीट ऐकू आलं नाही. मग ओरडल्या.

आणि काल रंधा मारला. उजवा हात मागे, डावा पुढच्या मुठीवर. श्वास न रोखता. अवघड गेलं, इतक्या वर्षांची सवय मोडायची म्हणजे नव्याने चालायला शिकण्यासारखं आहे. पण श्वास घेतला, रंधा पुढे गेला, आणि लाकडाची साल सळसळत वर आली. मिस्त्रींनी ती उचलून उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाले, "जाड आहे. उद्या परत." मी कारखान्याच्या मधोमध उभी राहून रडले आणि कुणीही मला गप्प केलं नाही.

आईचा निरोप जसाच्या तसा लिहिते, कारण ती मागे उभी राहून वाचतेय: "ये म्हणावं. खोली झाडून ठेवली आहे. स्कूटरबद्दल मी काही बोलणार नाही. फारसं."

आता एक सावधगिरीची सूचना. या हाताचा श्वासाशी असलेला संबंध अजून सुटलेला नाही. बाई म्हणतात, हळूहळू मेंदू शिकेल आणि दोघं वेगळे होतील. तोवर मी खोकले की कोपर वाकतं, शिंकले की हात उठतो. गेल्या आठवड्यात हातात चहाचा कप असताना शिंक आली, आणि आई अजून ते डाग धुतेय. आणि हसले, की हात आपोआप वर येतो. माझ्या परवानगीशिवाय. आता मला लपून हसताच येत नाही.

म्हणून सांगते, स्टेशनवर गर्दी असेल आणि तुझा चष्मा तुला लांबचं दाखवत नाही. तू डब्यातून उतरलीस की मला हाका मारत बसू नकोस. नुसती उभी राहा आणि बघ. त्या सगळ्या गर्दीत एका बाईचा डावा हात आपला आपण वर येताना दिसेल. तो मी हलवलेला नसेल. मला तू दिसली असशील.

श्वास न रोखता तुझी वाट बघणारी,
सुतारपक्षी